मतदानाच्या टक्केवारीतला छेद

मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्राच्या अलीकडच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. पक्षांची टेबलं लागलेली असतात, वर ताडपत्रीचा तुकडा, टेबलावर यादीचे गठ्ठे आणि ते उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड. गेल्या विधानसभेला आमच्या सोसायटीतले एक काका तिथे हातात ओळखपत्र घेऊन उभे होते. लॅमिनेशन केलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. यादी चाळणारा पोरगा तिसऱ्यांदा बोट फिरवून म्हणाला, "काकूंचं आहे. तुमचं नाही काका."

"नाही म्हणजे? कार्ड आहे की हे!"

काकू आत जाऊन शाई लावून आल्या. काका बाहेर चपलेनं फरशी घासत थांबले. त्यांनी त्याआधीची एकही निवडणूक चुकवली नव्हती, आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर शहरातल्या 'उदासीन मतदारा'वर चर्चा चालू होती.

काकांचा गोंधळ अगदी सार्वत्रिक आहे, म्हणून आधी तोच सोडवू. मतदार ओळखपत्र तुम्ही कोण आहात एवढंच सांगतं. मत देण्याचा हक्क येतो तो यादीतून. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ म्हणतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या चालू यादीत आहे त्याला तिथे मत देता येईल, आणि ज्याचं नाही त्याला देता येणार नाही. रेल्वेच्या आरक्षणासारखंच आहे हे. चार्टवर नाव असेल तर टीसीला आधार दाखवा नाहीतर लायसन्स, बर्थ तुमचा. चार्टवर नाव नसेल तर खिशात पासपोर्ट असला तरी उभ्याने प्रवास. म्हणूनच यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलेलं असेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं बँक पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड यांतलं काहीही चालतं. उलटं मात्र चालत नाही.

राज्यघटनेच्या कलम ३२६ नं प्रत्येक प्रौढ नागरिकाला नाव नोंदवण्याचा हक्क दिला. 'प्रौढ' म्हणजे आधी २१ वर्षांचा, ६१व्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून १८ वर्षांचा. सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी म्हटलंय की मत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो मूलभूत हक्क नव्हे. पण मत देताना तुम्ही जी निवड करता ती अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. 'नोटा'चं बटण २०१३ मध्ये आलं ते याच धाग्यावरून. वकिलांना यात पुष्कळ रस आहे. काकांच्या दृष्टीने मुद्दा एकच होता: यादी.

तेच ५२० लोक

शाळेत अपूर्णांक शिकताना वरचा अंश आणि खालचा छेद असं आपण घोकलेलं असतं. मतदानाच्या टक्केवारीत अंश म्हणजे किती जणांनी मत दिलं. छेद म्हणजे यादीत किती नावं आहेत. छेद लोकसंख्या नाही, प्रौढ लोकसंख्याही नाही, फक्त यादीतली नावं.

समजा शहरातल्या एका केंद्राच्या यादीत १००० नावं आहेत. त्यातले काही वारले, काही भाड्याचं घर सोडून दुसऱ्या उपनगरात गेले, काहींची नावं दोनदा पडली; असे धरा १००. मत दिलं ५२० जणांनी. बातमीत येणार ५२ टक्के. प्रत्यक्षात तिथे राहणारे मतदार ९०० होते, म्हणजे खरा आकडा जवळजवळ ५८.

आता दुसरीकडे एखादी वस्ती घ्या. तिथे प्रौढ माणसं १०००, पण यादीत फक्त ७००. तिथेही मत दिलं ५२० जणांनी. बातमीत येणार ७४ टक्के, कौतुकासकट. वस्तीतल्या प्रौढांच्या हिशेबात मात्र ते ५२ टक्केच आहेत. अंश दोन्हीकडे ५२०. फरक पाडला तो छेदाने.

२०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झालं आणि गडचिरोली-चिमूरमध्ये ७२ च्या आसपास. मुंबईकर आळशी नाहीत असं मला म्हणायचं नाही. २० मे हा सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, आणि लोणावळ्याची हॉटेलं कुणी भरली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या बावीस टक्क्यांतला किती भाग आळसाचा आणि किती फुगलेल्या छेदाचा, हे यादी तपासल्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. दर निवडणुकीनंतर अंशावर अग्रलेख येतात, छेदाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

बघितलं गेलं तेव्हा तेही राजकारणातूनच. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्राच्या यादीत साधारण ९ कोटी ३० लाख नावं होती, सहा महिन्यांनी विधानसभेला साधारण ९ कोटी ७० लाख. विरोधी पक्षांनी ही वाढ संशयास्पद ठरवली, निवडणूक आयोगाने आरोप फेटाळला. वाद कुणाचा खरा यात मी शिरत नाही, पण त्यानिमित्ताने चहाच्या टपरीवर लोक 'पुरवणी यादी' हा शब्द वापरायला लागले, ही चांगली गोष्ट झाली.

अमक्याची बायको

यादीत कोण असावं, हाच लोकशाहीतला खरा झगडा होता. इंग्रजांच्या काळात शेतसारा, घरपट्टी, आयकर, शिक्षण यांच्या अटी होत्या. कूळ असणारा, मजूर, बहुतेक सगळ्या बायका बाहेरच. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तीही मताधिकाराबद्दल, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तो मिळाला, आणि घटना लागू व्हायच्याही आधी, १९४८ पासून याद्यांचं काम सुरू झालं. पहिल्या निवडणुकीची यादी १७ कोटींच्या वर गेली.

त्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अडचण आली. अनेक भागांत यादी करणारा माणूस दारात उभा राहिला की घरातली बाई आपलं नाव सांगेना. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन अडून बसले: नाव म्हणजे नाव. मुदतवाढ दिली, तरीही साधारण २८ लाख स्त्रियांची नोंद स्वतःच्या नावाने झाली नाही आणि ती यादीतून वगळली गेली. त्या बायका १९५१-५२ ला मत देऊ शकल्या नाहीत. कठोर निर्णय होता. पण त्यानंतरच्या निवडणुकीला नावं सांगितली गेली.

आपल्याकडे ही गोष्ट संपली असं समजू नका. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या यादीत एक आणि आधारवर दुसरं. माहेरचे लोक 'ती आता इथे नाही' म्हणतात आणि नाव निघतं. सासरी कुणाला अर्ज भरायची आठवण येत नाही, कारण रेशन कार्ड आणि बँकेचं खातं आधी. मग एखादं वर्ष, कधी दोन निवडणुका, ती कुठेच नसते. काही जणींनी माहेरचं नाव तसंच ठेवलेलं असतं आणि सासरच्या यादीत मधलं नाव बदलून दुसरी नोंद झालेली असते. ती मग दोन ठिकाणी असते, तेही बेकायदाच. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असावं, असा १९५० च्या कायद्याचा नियम आहे. "गावी पण आहे, इथे पण आहे" असं आपण जे अभिमानाने सांगतो, ते खरं तर चारचौघांत सांगायची गोष्ट नाही.

राहतो म्हणजे नेमकं कुठे?

नाव कुठे नोंदवायचं? जिथे तुम्ही 'सर्वसाधारणपणे राहता' तिथे. घर किंवा जमीन नावावर आहे म्हणून नाही. चार दिवस परगावी गेलात म्हणून राहणं तुटत नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, दोन्हींपैकी एक निवडता येतो. ज्याला घरच नाही त्याचं काय? त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. बीएलओने, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, रात्री जाऊन बघायचं की तो माणूस अर्जात लिहिलेल्या जागी खरंच झोपतो का. पुलाखालची जागा हाही पत्ता होऊ शकतो. सरकारी नियमांत इतका समजूतदारपणा क्वचित सापडतो.

या व्याख्येचा कस लागतो तो ऊसतोड कामगाराच्या बाबतीत. बीडकडचा कामगार दसरा-दिवाळीनंतर निघतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ते पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. वर्षातले पाच-सहा महिने कोपीत जात असले तरी त्याचं 'राहणं' गावातच धरलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

आता विधानसभेच्या तारखा बघा. २०१४ ला १५ ऑक्टोबर. २०१९ ला २१ ऑक्टोबर. २०२४ ला २० नोव्हेंबर. पहिल्या दोन वेळी बहुतेक टोळ्या गावात होत्या. तिसऱ्या वेळी हंगाम तोंडावर आलेला, ट्रॅक्टर भरून निघायचे दिवस. बीडची लोकसभा मात्र १३ मे २०२४ ला झाली, तेव्हा माणसं परतलेली होती, आणि मतदान ७१ टक्क्यांच्या घरात गेलं. या कामगाराची जागरूकता नोव्हेंबरात आणि मे महिन्यात वेगळी नसते. बदलते ती तारीख.

कायद्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, खासगी नोकरीतही. पण ज्याची मजुरी टनावर मोजली जाते आणि ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला कसली सुट्टी? मग उमेदवार गाड्या पाठवतात. मतदाराला फुकट वाहून आणणं हा कायद्याने भ्रष्टाचार आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. तरी गाड्या येतात. आणि ज्याच्या गाडीतून आलो त्याला मत द्यावं लागेल, हे ओझं तीनशे किलोमीटर मांडीवर घेऊन माणूस येतो. बटण दाबताना तो एकटा असतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

सीमेवरच्या सैनिकाला टपाली मतपत्रिका मिळते. वय ८५ च्या पुढे असेल किंवा अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल तर १२डी अर्ज भरून घरी मत देता येतं, मतदान पथक दारात येतं. मतदान पथक नर्मदेच्या पाण्यातून बार्जने नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीच्या बाजूलाही जातं. पण मणिबेलीला जाणारी यंत्रणा फडावर जात नाही. २०२३ च्या सुरुवातीला आयोगाने एक यंत्र पुढे आणलं होतं: एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं, स्थलांतरितांसाठी. पक्षांनी शंका काढल्या आणि ते बाजूला पडलं. शंका सगळ्याच चुकीच्या नव्हत्या. फडावर पोलिंग एजंट कोण बसवणार, हा प्रश्न साधा नाही. पण कोपीतला माणूस जिथल्या तिथे राहिला.

परदेशातल्या भारतीय नागरिकांचीही हीच गत, फक्त विमानाच्या भाड्याने महाग. ६ए अर्ज भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लागतं, पण मत द्यायला इथे यावं लागतं. २०२४ ला अशी लाखावर नावं होती, आले तीन हजारांच्या आत, तेही मुख्यतः केरळात. दुबईतला रत्नागिरीकर व्हॉट्सॲपवर प्रचार करतो, यादीत त्याचं नाव असतं आणि छेद वाढवतं.

एक विसंगती इथेच सांगून टाकतो. तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही, अगदी खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यालाही. पण तोच कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो. २०१३ ला कायदा दुरुस्त करून तशी सोय केली गेली. म्हणजे तुरुंगातून खासदार होता येतं, स्वतःला मत मात्र देता येत नाही.

नाव जातं कसं, आणतात कसं

नाव काढायचे दोन रस्ते असतात. एक, कुणी तरी अर्ज ७ भरतो: हा माणूस वारला, गेला, किंवा दुबार आहे. दोन, मतदार नोंदणी अधिकारी स्वतःहून काढतो. दोन्हींत ज्याचं नाव जाणार त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या लालबाबू हुसेन प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. आमच्या काकांच्या बाबतीत नोटीस बहुधा जुन्या चाळीच्या पत्त्यावर गेली असावी, जी पाडून आता तिथे टॉवर आहे.

मोठ्या प्रमाणात हे काय होतं ते २०२५ मध्ये बिहारमध्ये दिसलं. विशेष सखोल पुनरीक्षण नावाची, यादी नव्याने तपासण्याची मोहीम झाली. त्याआधी यादीत ७ कोटी ८९ लाख नावं होती. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख गळाली. ती कोणाची आणि का काढली हे जाहीर करा, असा आदेश सुप्रीम कोर्टाला द्यावा लागला. सप्टेंबरअखेरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख उरली. मेलेल्यांची, गेलेल्यांची नावं काढायलाच हवीत, नाहीतर छेद फुगतो. पण त्यासोबत जिवंत माणूस गेला तर तो मतदानाच्या दिवशी टेबलापुढे उभा राहतो, काकांसारखा. पुढच्या टप्प्यात हीच मोहीम नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यातही सुरू झाली.

करायचं काय, तर ते फार नाही. नवीन नावाला अर्ज ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्याला अर्ज ८. काढायला ७. आयोगाच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर भरता येतात, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे. या बहुधा शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, दुपारी शाळा सुटल्यावर ऊन टाळत फिरतात, आणि सोसायटीचा वॉचमन त्यांना सेल्सवाली समजून गेटवरून परत पाठवतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. अर्ज नाकारला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

मुदतीकडे मात्र नीट लक्ष द्या. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस संपला की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. आणि अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणजे तुमचा अर्ज त्याच्याही आधी आठ-दहा दिवस पोचायला हवा. मतदानाच्या आदल्या रात्री नाव शोधणं म्हणजे निकालाच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसणं.

महापालिका, झेडपीची गोष्ट थोडी निराळी. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नव्हे. पण यादी विधानसभेचीच, एका ठरावीक तारखेची, प्रभागांत तुकडे करून वापरली जाते. म्हणून विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तिथे पालिकेला नाव नसणं शक्य आहे. रस्त्यापलीकडच्या प्रभागात शोधा. प्रभागाची रेघ चुकली असेल तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण नवं नाव मात्र तिथे लागत नाही.

आणि समजा यादीत नाव आहे, तुम्ही आत गेलात, पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, आणि एजंट म्हणतो, यांचं मत झालंय. तोंड पाडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवा आणि टेंडर मत मागा. यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते. एरवी ती मोजत नाहीत. पण २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशाच मूठभर मतपत्रिकांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

काकांनी नंतर अर्ज ६ भरला. मी त्यांच्यासोबत मोबाइल धरून बसलो होतो, फोटो तीनदा अपलोड करावा लागला. त्याच बैठकीत मी आजीसाठी अर्ज ७ भरला, मृत्यूचा दाखला जोडून. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत प्रत्येक निवडणुकीला तिच्या नावाची चिठ्ठी आमच्या दारात पडत होती. फोटोतही नऊवारीचा पदर डोक्यावर घेतलेला. पुढच्या पुरवणी यादीत काकांचं नाव शेवटच्या पानावर आलं, आडनावात एक वेलांटी चुकवून. वगळलेल्यांच्या रकान्यात आजी होती, नावाच्या आधी 'ई' हे अक्षर. मृत मतदारासाठी तीच खूण वापरतात.